हवेचा हिशेब

दिवाळी सरली की देगलूरच्या बाजारात गॅस गिझरची खोकी दुकानांच्या पायऱ्यांवर मांडली जातात. विजेच्या गिझरपेक्षा किमतीला हलका, वीज गेली तरी चालणारा, नळ सोडला की मिनिटभरात कढत पाणी देणारा. पहाटेच्या गार पाण्याने अंगावर काटा येतो, अशा दिवसांत तो घरात यावा असे वाटणे साहजिक आहे. याच सुमारास शेगडी दुरुस्त करणाऱ्यांकडेही कामे वाढतात. तक्रारी ठरलेल्या असतात. ज्योत पिवळी पडली, भांड्यांची बुडे काळी होतात, टाकी पूर्वीइतकी पुरत नाही, स्वयंपाकघरात मधूनच वास येतो, गिझर पेटतो आणि लगेच विझतो. एक तक्रार मात्र मेकॅनिककडे जातच नाही, ती डॉक्टरकडे जाते : आंघोळ करताना चक्कर आली.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, म्हणून त्यांच्यावरचे इलाजही वेगवेगळे शोधले जातात. कोणी रेग्युलेटर बदलतो, कोणी गॅसमध्ये भेसळ आहे म्हणून एजन्सीशी भांडतो, कोणी जेटमध्ये सुई खुपसतो. आमच्या मते यांतल्या बऱ्याच बिघाडांचे मूळ एकच आहे. गॅस येत असतो, पण त्याला जळायला लागणारी हवा मिळत नसते. एवढे ध्यानात आले तरी बऱ्याच अडचणी घरच्या घरी सुटतात, आणि जिवावर बेतणारी जी एक आहे ती टाळता येते.

मराठवाड्यात चुलीच्या विस्तवाचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे चालत आले. तुराट्या केव्हा सारायच्या, पऱ्हाटी किती वेळ धगधगते, भाकरीला आच केवढी हवी, फुंकणी कधी मारायची, हे सासू सुनेला दाखवायची. फुंकणी हे विस्तवाला हवा पुरवण्याचेच साधन होते. टाकीतला गॅस बर्मा शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत आणला, इंडेन १९६५ मध्ये सुरू झाले. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांपर्यंत तो पोहोचायला पुढे बराच काळ गेला, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली माणसे अजून घरोघरी आहेत. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि टाकी वाडी-तांड्यांवर गेली. घरातला धूर कमी झाला, बायांच्या डोळ्यांवरचा आणि छातीवरचा भार हलका झाला. हा बदल फार मोठा आहे. पण टाकीसोबत तिचे शहाणपण आले नाही. जोडणी करणाऱ्याने रेग्युलेटर कसा बसवायचा, कसा काढायचा एवढे दाखवले आणि तो पुढच्या घरी गेला. चांगली ज्योत कशी दिसते, ती बिघडली तर काय समजायचे, हे सांगायला कोणी थांबले नाही. ती उणीव भरून काढणे हे वितरकांचे, नगर परिषदेचे आणि आम्हा लिहिणाऱ्यांचेही काम आहे.

आपल्या टाकीतला एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण, दाबाखाली द्रवरूप केलेले. एक लिटर प्रोपेन वायू पुरता जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१ लिटर. शेगडीच्या बटणापुढे पितळेचा जेट असतो, त्याचे छिद्र अगदी बारीक. त्यातून गॅस वेगाने सुटतो आणि समोरच्या नळीच्या तोंडाशी असलेली हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. नळीत दोन्ही मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर पडून जळतात. उरलेली हवा ज्योत भोवतालच्या खोलीतून घेते. हा मेळ जमला की ज्योत निळी, ताठ आणि स्थिर राहते. हवा कमी पडली की गॅसमधला सगळा कार्बन जळत नाही. त्याचे तापलेले कण पिवळे चमकतात आणि पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. पिवळी ज्योत डोळ्यांना मोठी दिसते, म्हणून आच वाढली असा समज होतो. प्रत्यक्षात गॅस तेवढाच जातो आणि आच पुरती मिळत नाही. टाकी लवकर सरण्याचे हे एक कारण.

इथे एक फरक ओळखता यायला हवा. मिठाचा कण ज्योतीत पडला की ती घटकाभर नारिंगी होते, तो मिठातल्या सोडियमचा रंग. भाकरी ज्योतीवर शेकताना पीठ झडते तेव्हाही ठिणग्यांसारखा रंग उठतो. त्याने काही बिघडत नाही. खरी खूण भांड्याच्या बुडाशी मिळते. आदल्या दिवशी घासलेल्या पातेल्यात पाणी उकळावे आणि गार झाल्यावर बूड पांढऱ्या फडक्याने पुसावे. फडके काळे झाले तर बर्नरला हवा कमी पडते आहे.

दोष बहुतेक वेळा बर्नरच्या टोपीत असतो. उतू गेलेले दूध, वरणाचा फेस, भाकरीचे पीठ भोकांत उतरते आणि तिथेच करपून बसते. रेग्युलेटर बंद करावा, बर्नर गार होऊ द्यावा, मग टोपी काढून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा-एक तास भिजवावी. जुन्या टूथब्रशने घासावी आणि एकेक भोक पिनेने मोकळे करून टोपी उजेडाकडे धरून पाहावी. सगळ्या भोकांतून उजेड दिसला पाहिजे. त्यानंतर ती पूर्ण वाळू द्यावी. इथे घाई होते. भोकांत पाणी राहिले की धुतल्यानंतरही ज्योत पिवळी येते, मग धुण्याचा काही उपयोग नाही असे ठरवून लोक नवा बर्नर आणतात. टोपी आपल्या खाचेत सपाट बसली की नाही तेही पाहावे. तिरपी बसलेली टोपी एका बाजूने ज्योत उंच फेकते आणि दुसऱ्या बाजूने विझवते.

टोपी स्वच्छ असूनही ज्योत सुधारली नाही तर खालची नळी पाहावी. शेगडीला तिसरा बर्नर असेल तर तो क्वचितच लागतो, त्याच्या नळीत कोळी जाळे विणतो, झुरळे शिरतात, आणि सणासुदीला तो पेटवला की भकभकतो. नळी बाहेर निघत असेल तर झटकून, ब्रश फिरवून साफ करता येते. जेटला मात्र घरी हात लावू नये. पितळ मऊ असते. सुईने छिद्र जरासे रुंदावले तरी गॅस वाढतो, ओढली जाणारी हवा त्या मानाने वाढत नाही, आणि रुंदावलेले छिद्र पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. बटण जड झाले की त्यात खाण्याचे तेल सोडण्याची सवयही मोडायला हवी. ते तेल उष्णतेने चिकट होऊन बटण आणखी जखडते. बटणाच्या आत उष्णता सोसणारे वेगळे ग्रीस लागते आणि ते भरण्यासाठी कॉक उघडावा लागतो. ते जाणकार मेकॅनिकचे काम आहे.

ज्योत निळी आहे पण बारीक आहे, ही दुसरी तक्रार. आधी दोन्ही बर्नर लावून पाहावेत. एकच बारीक असेल तर दोष त्या बर्नरचा किंवा त्याच्या जेटचा. दोन्ही बारीक असतील तर दोष मागे आहे : नळी दुमडली असेल, रेग्युलेटर नीट बसला नसेल किंवा बिघडला असेल, नाहीतर टाकी सरत आली असेल. रेग्युलेटर उघडून त्याचा पडदा आणि स्प्रिंग दुरुस्त करून देणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. टाकीतला जास्तीचा दाब शेगडीला सोसेल इतका खाली आणणे हे रेग्युलेटरचे काम. तो बिघडला तर बदलूनच घ्यावा लागतो आणि तो ज्या वितरकाकडे कनेक्शन आहे त्याच्याकडूनच घ्यायचा असतो.

थंडीत ही तक्रार वाढते त्याला कारण आहे. आपण बटण सोडले की टाकीच्या वरच्या भागातला वायू बाहेर जातो आणि खालच्या द्रवातून नवा वायू तयार होतो. त्यासाठी लागणारी उष्णता द्रव टाकीच्या पत्र्यातून, म्हणजे शेवटी खोलीतल्या हवेतून घेतो. खूप वेळ गॅस चालला की टाकीच्या खालच्या भागावर दवासारखे पाणी जमते ते यामुळेच. त्या ओलाव्याची वरची कड पाहिली तर आत किती गॅस उरला याचा साधारण अंदाज येतो. पहाटेच्या गारठ्यात, सरत आलेल्या टाकीवर, गिझर आणि दोन्ही बर्नर एकदम चालवले की वायू तयार होण्याचा वेग पुरत नाही आणि दाब पडतो. अशा वेळी टाकी आडवी पाडणे, हलवणे, गरम पाण्याच्या परातीत ठेवणे हे प्रकार सर्रास होतात. टाकी आडवी केली की रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव शिरतो, आणि तो द्रव वायू होताना सुमारे अडीचशे पट जागा घेतो. शेगडीवर त्याची ज्वाला केवढी उसळेल याचा भरवसा नाही. टाकी उभीच ठेवावी आणि एका वेळी एकच काम करावे.

पेटवताना फट् असा आवाज होऊन ज्योत आत, जेटपाशी जळू लागली तर लगेच बटण बंद करावे, बर्नर गार होऊ द्यावा आणि टोपी नीट बसवून पुन्हा लावावा. ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी फडफडत असेल तर दाब जास्त आहे, रेग्युलेटर तपासून घ्यावा. यापेक्षा अधिक त्यात काही नाही.

वासाचे प्रकरण मात्र वेगळे. एलपीजीला स्वतःचा जाणवण्याजोगा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. टाकी सरत आली की उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढते, म्हणून शेवटच्या दिवसांत वास जास्त येतो हे खरे. पण वास आला की ‘टाकी संपत आली असेल’ म्हणून गप्प बसणे धोक्याचे आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखाली आणि उंबऱ्याच्या आत साचतो. म्हणून भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट पंखा गळती झाल्यावर फारसा कामाचा नाही, आणि तो चालू करताना बटणात पडणारी ठिणगी तर घातच करील. हवेत या वायूचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले की पेट घ्यायला तेवढे पुरते.

वास आला तर देवघरातले निरांजन, समई, उदबत्ती आधी विझवावी. विजेचे कोणतेही बटण चालू असेल तर चालू आणि बंद असेल तर बंद राहू द्यावे. रेग्युलेटरचे बटण फिरवून बंद करावे, तो काढून टाकीवर प्लास्टिकची टोपी बसवावी. दारे-खिडक्या उघडाव्यात, विशेषतः दार, कारण साचलेला वायू जमिनीलगत बाहेर जातो. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना अंगणात न्यावे, आणि मोबाइल बाहेर गेल्यावरच काढून १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक गळतीच्या तक्रारींसाठी चोवीस तास चालतो. गळती कुठे आहे हे साबणाच्या फेसाने शोधता येते, फेसाला बुडबुडे आले की जागा सापडली. काडी ओढून पाहणारे लोक आजही आहेत. त्यांना घरातल्यांनी हात धरून थांबवावे.

गळतीच्या जागा तरी किती? एक टाकीच्या तोंडातले रबरी वायसर, दुसरी नळी. नवी टाकी आली की देणाऱ्या माणसासमोरच टोपी काढून सू आवाज येतो का, वास येतो का, वायसर जागेवर आहे का हे पाहून घ्यावे. वजन करून मागण्याचाही ग्राहकाला अधिकार आहे. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन. टाकीच्या वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर ‘बी-२९’ असा काहीतरी खुणेचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीत टाकीची दाबाची चाचणी पुन्हा व्हायला हवी. ती मुदत टाकीची असते, आतला गॅस त्या तारखेला खराब होत नाही. मुदत उलटलेली टाकी मात्र घेऊ नये.

नळी नारिंगी रंगाची, तारेची जाळी घातलेली, आयएसआय खुणेची असावी आणि दर पाच वर्षांनी बदलावी. लांबी दीड मीटरहून अधिक नको, भिंतीतून किंवा कपाटाच्या पाठीमागून नेलेली नको. आपल्याकडे घरात ज्वारीची, हरभऱ्याची पोती असतात, त्यामागे उंदीर आलेच, आणि उंदरांना रबर वर्ज्य नाही. म्हणून नळी सहज डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. शोभेसाठी तिच्यावर शिवलेले कापडी कव्हर चढवणे म्हणजे तडा आणि दातांची खूण झाकून ठेवणे. एकाच टाकीवर टी जोडून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवण्याची पद्धतही मोडावी, कारण प्रत्येक वाढीव सांधा ही गळतीची नवी जागा.

आता गिझर. यावर थोडे सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

आपल्या घरांत पाणी तापवायला तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटातून धुराडे जाई, जाळ खाली, पाणी भोवती. पण बंब कधी न्हाणीत ठेवत नसत. तो अंगणात, परसात, मागच्या ओसरीवर असे. तिथून कढत पाणी बादलीने आत न्यायचे. तो जवळ ठेवावा असे कोणाला वाटले असते तरी धुराने ते करू दिले नसते. गॅस गिझरचा जाळ निळा, धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून जाळ अंगणातून उठून चार बाय सहा फुटांच्या कडी लावलेल्या खोलीत आला.

हिशेब करून पाहू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर मिनिटाला १५० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो एलपीजी सुमारे ११ हजार किलोकॅलरी देतो, आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले तर मिनिटाला जवळपास १७ ग्रॅम गॅस जळतो. शेगडीच्या एका बर्नरच्या हे पाच-सहा पट झाले. एक किलो एलपीजी पुरता जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत गिझर सुमारे दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची न्हाणी म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. थंडी म्हणून झरोक्याला गोणपाट किंवा पुठ्ठा लावलेला. एकामागून एक तिघे-चौघे आंघोळीला जातात, आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला येते ती आधीच वापरलेली हवा.

प्राणवायू कमी पडू लागला की गॅसचे जळणे अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मर्कॅप्टन जळून गेलेला असल्याने गॅसचाही वास येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. दार तीन फुटांवर असते, धोका आहे हे कळतही असते, आणि कडीपर्यंत हात पोहोचत नाही. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत न्हाणीत बेशुद्ध सापडलेल्या, झटके आलेल्या अशा रुग्णांच्या नोंदी आल्या आहेत. काहींना आधी मिरगीचे समजून तपासले गेले. आपल्याकडेही ‘चक्कर आली’, ‘बीपी कमी झाला’, ‘हार्ट अटॅक असेल’ एवढ्यावर विषय संपतो आणि दुसऱ्या दिवशी तोच गिझर, त्याच न्हाणीत, दुसऱ्या माणसासाठी चालू होतो.

म्हणून आंघोळीत कोणी कोसळले तर दार तोडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, गिझर बंद करावा आणि दवाखान्यात नेताना ‘न्हाणीत गॅस गिझर होता’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोरोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ते यंत्र ओळखत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसत असताना माणूस मरणाच्या दारात असू शकतो. यावरचा इलाज म्हणजे लगेच दिलेला भरपूर प्राणवायू.

गिझरचे किरकोळ बिघाडही समजून घ्यावेत, कारण ते चुकीच्या रीतीने दुरुस्त झाले की याच धोक्याकडे नेतात. नळ सोडूनही ठिणगी पडत नसेल तर पहिल्यांदा सेल पाहावेत, ते दर हंगामाला बदलावेत. सेल नवे असतील तर पाण्याचा दाब पाहावा. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा हलतो तेव्हाच गॅस सुटतो. गच्चीवरची टाकी न्हाणीच्या जेमतेम वर असली की तेवढा दाब मिळत नाही. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. क्षारांचा थर आतल्या जाळीत आणि तांब्याच्या नळ्यांत बसतो, पाण्याची धार बारीक होते. पाणी आत येते तिथली जाळी काढून धुतली तर बऱ्याचदा गिझर पुन्हा पेटतो. पेटून काही सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर काजळी बसलेली असण्याचा संभव आहे. इथे थांबून विचार करावा, काजळी आली म्हणजे जळणे अर्धवट होते आहे. दांडी पुसून किंवा, जसे काही मेकॅनिक करतात तसे, ती यंत्रणाच तार जोडून निकामी करून गिझर ‘चालू’ करणे हा गुन्ह्याइतका मोठा निष्काळजीपणा आहे. गिझर वारंवार आपोआप विझतो तेव्हा खोलीत हवा नसल्याचेही ते लक्षण असू शकते.

आपल्यातल्या अनेकांची मुले-मुली आता कॅनडा-अमेरिकेत राहतात. तिथल्या घरांत बैठकीच्या खोलीत गॅसवर चालणारी शेकोटी असते आणि तिच्या तक्रारी ऐकल्या तर ओळखीच्याच वाटतील : उन्हाळाभर बंद राहिल्यावर नळीत कोळ्याचे जाळे, ज्योत पिवळी, काचेवर काजळी, पेटवून हात काढताच विझणे. फरक आहे तो मांडणीत. तिथल्या नव्या शेकोट्यांपैकी कितीतरी खोलीतली हवा वापरतच नाहीत. दुपदरी नळीच्या एका पदरातून बाहेरची हवा आत येते, दुसऱ्यातून जळालेला वायू बाहेर जातो, आणि समोर पक्की काच असते. जुन्या पद्धतीच्या शेकोटीत छोट्या ज्योतीत थर्मोकपल तापत असते. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात उष्णतेने थोडीशी वीज तयार होते आणि तिच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, सांधा गार झाला की झडप आपोआप बंद. कार्बन मोनॉक्साइड ओळखून कर्कश आवाज करणारा गजरही तिथे अनेक ठिकाणी कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या साध्या शेगडीत अशी झडप नसते. दूध उतू जाऊन ज्योत विझली तरी गॅस येतच राहतो. बाजारात ज्योत विझताच बंद होणाऱ्या शेगड्या आता मिळतात. नवी घेताना चकचकीत काचेपेक्षा त्या सोयीला पैसे द्यावेत असे आम्ही सुचवू.

घरच्यांनी काय करावे हे झाले. पण सारा भार घरच्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. गॅस वितरकाने ठरावीक काळाने ग्राहकाच्या घरी जोडणी तपासायची असते. ही तपासणी कार्डावरच्या सहीपुरती होऊ नये. मेकॅनिकने ज्योत पेटवून पाहावी, नळीची तारीख वाचावी, वायसर पाहावे आणि गिझर कुठे बसवला आहे ते विचारावे. देगलूर हा तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेवरचा तालुका. इथल्या घरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. सुरक्षिततेची माहिती या चारही भाषांत, बोलून, करून दाखवून द्यावी. गुळगुळीत कागदावर छापलेले पत्रक टाकीबरोबर येते आणि डब्याखाली अंथरले जाते. तेल कंपन्यांनी गॅस दुर्घटनांसाठी विमा उतरवलेला असतो, ग्राहकाला त्याचा वेगळा हप्ता भरावा लागत नाही, हेही फार थोड्यांना ठाऊक आहे. दुर्घटना झाली तर वितरकाला तातडीने लेखी कळवावे लागते, आणि नळी-शेगडी प्रमाणित असणे तिथे कामी येते.

नगर परिषदेकडे आमची एक नेमकी मागणी आहे. बांधकाम परवाना देताना न्हाणीला बाहेर उघडणारा, बंद न करता येणारा झरोका आहे का हे नकाशावर आणि नंतर प्रत्यक्ष जागेवर पाहावे. वसतिगृहे, लॉज, मंगल कार्यालये आणि अभ्यासासाठी आलेल्या मुलांना भाड्याने दिलेल्या खोल्या यांची गिझरपुरती तपासणी थंडीच्या तोंडावर दरवर्षी व्हावी. भाड्याच्या खोलीतल्या मुलाला गिझर कुठे असावा हे ठरवता येत नाही, ते घरमालकाच्या हातात असते. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणांना गॅस उपकरणांच्या जोडणीचे छोटे प्रशिक्षण दिले तर गावाला जाणकार हात मिळतील. आज हे काम नळ जोडणारे किंवा विजेची कामे करणारे करतात. त्यांच्या कसबाबद्दल प्रश्न नाही, पण हवा कुठून येणार याचा विचार करायला त्यांना कोणी शिकवलेले नाही.

ज्यांच्या घरी गिझर आजच न्हाणीत आहे त्यांनी पुढच्या थंडीची वाट पाहू नये. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, पावसाचा आडोसा करून बसवावा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत न्यावा. भिंतीला एक भोक, पाच-सात फूट पाइप आणि कारागिराची एक दुपार, एवढेच काम आहे. ते होईपर्यंत दार सताड उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गिझर आणि त्याच्या टाकीचा रेग्युलेटर दोन्ही बंद करावेत, दोन-चार मिनिटे वारा खेळू द्यावा आणि मगच दार लावून आंघोळीला बसावे. लेकरांच्या आंघोळी आधी उरकाव्यात आणि न्हाणीच्या दाराला आतून कडी घालू नये.